एकटाच आला

बाबा,

बरडावर गवत आलं. एवढं एक वाक्य लिहून मी अर्ध्या घंट्यापासून वहीकडे पाहून राहिली आहे. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, गाईंचं सकाळचं झालं, स्वयंपाक माझ्या एकटीचा, तो कितीसा असतो. सबब सांगायला काही उरलंच नाही. तुम्ही असते तर म्हणाले असते, "बोलाची वेळ आली का हिले तहान लागते." खरं आहे, मघापासून दोनदा पाणी पिऊन आली. अन् हो, शाळेत मी पोरींना "मी आले, मी गेले" असंच लिहायला लावते, पण तुमच्याशी ते जमणार नाही. तुमच्याशी मी आली, गेली, बसली, अशीच बोलणार. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेवढ्यानं काही माझी जीभ बदलली नाही.

गवत आलं म्हणजे कुठं आलं, तर वरच्या अंगाच्या पट्ट्यात, जिथं तुम्ही कधी इळा लावू दिला नाही. खाली संत्र्याचा बगीचा, मधात नाला, अन् नाल्याच्या वर आपलं ते सात एकर मुरमाड बरड. लोक हसायचे तुम्हाला. सात एकर नुसतं गवताला सोडते का कोणी, कपाशी लावा म्हणायचे. तुम्ही म्हणायचे, "कपाशी माह्या गाई खाते का?" गवळाऊ होत्या तेव्हा आपल्याकडे, कोठ्यात ओळीनं उभ्या, पांढऱ्याधोप, अन् एकेकीचा तोरा असा की बगीच्यात येणाऱ्या व्यापाऱ्यांनाही शिंग दाखवायच्या. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बरडावर ढोर चढायचं नाही, हा तुमचा कायदा. दिवाळीच्या सुमाराला तुम्ही रोज सकाळी वर जायचे, एक कणीस तोडायचे, अंगठा अन् बोटाच्या मधात हळूहळू चोळायचे, मग तळहातावर घेऊन फुंकर मारायचे. फोल उडायचं, बी राहायचं. ते बी आपल्या मनानं जमिनीवर पडू द्यायचं, मगच कापणी. अन् कापणीतही वरचा दहा-बारा हात रुंद पट्टा तसाच उभा ठेवायचा. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "वरून बी उतरते, खालून चढत नाही."

गवतांची नावं तुम्ही दहा सांगायचे, मी एका कानानं ऐकायची. मला सगळं गवतच दिसायचं. एका वर्षी वासराला ओलं गवत पाहिजे म्हणून मी शहाणपणा केला अन् जवळ दिसलं ते कापून आणलं, नेमकं वरच्या पट्ट्यातलं. आठ-नऊ वर्षांची असेन. मार पडणार म्हणून मी मायच्या मागं लपली. तुम्ही मारलं नाही. भारा सोडून पाहिला, कणसं पाहिली अन् एवढंच म्हणाले, "गाभण गाय कसायाले इकते काय कोणी?" मला तेव्हा नीट समजलंही नाही, पण रडू असं आलं की थांबेना. मग तीन दिवस शाळा सुटली की मला वर नेलं. ओटीत बी गोळा करायचं अन् मी कापलेल्या जागेवर टाकायचं. मायनं ते बी तिच्या पापडाच्या टोपलीत चुलीजवळ सुकत घातलेलं पाहिलं अन् सगळं घर डोक्यावर घेतलं. "मानसाले खाले नाई, अन् गवताच्या बियाले माही टोपली!" तुम्ही पाटावर बसून भाकर खात होते, मान वर केली नाही, पण हसत होते. त्याच दिवाळीला पांढुर्ण्याच्या बाजारातून तुम्ही माझ्या हाताच्या मापाचा लहान इळा आणला. ताईला बांगड्या अन् मला इळा. मी आठ दिवस उशाशी घेऊन झोपली. मूठ दोनदा बदलली, पातं तेच आहे.

ताईचं लग्न इटारसीला झालं. भाऊजी नोकरीवाले, शहरातले, वर्षातून एकदा यायचे. आले की ओट्यावर पाय धुवायचे, खाटेवर बसायचे अन् संत्री खायचे, सालं तिथंच टाकायचे. तुम्ही त्यांना नावानं हाक मारली नाही अन् जवाईबुवाही म्हटलं नाही. पावना. "पावना आला." "पावना जेवला का?" "पावना गेला, आता तरी कोठ्यात पाहा कोणी." इतकी वर्षं जवाई होऊन तुमच्या तोंडी तो माणूस पावनाच राहिला. ताई चिडायची, "बाबा, काहीतरीच बोलता तुम्ही," अन् आपण दोघं बापलेक तोंड फिरवून हसायचो. त्या हसण्याची आता मला भीती वाटते.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही यावर गावानं पुष्कळ डोकं चालवलं, मी चालवलं नाही. सौंसरच्या शाळेत मराठीची नोकरी लागली, माय गेली, तुम्ही थकले अन् गाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता मी दाखवते बाबाला गाई कशा ठेवतात ते. जर्शी आणल्या. पशुपालनाची शिबिरं केली. एका शिबिरात एक साहेब म्हणाले, "मॅडम, इस पुरानी घास में कुछ नहीं रखा, पलटवा दो." माझ्या मनातलंच बोलले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणाले, "बरडाले हात नको लावू." मी म्हटलं, तुमच्या गवतावर गाय नुसती जगते, दूध देत नाही. तुम्ही म्हणाले, "जगते म्हन्तेस ना? मंग?" मी हरली, अन् हरल्यावर मी किती वाईट वागते ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही जामसांवलीच्या मारुतीला पायी गेले, दोन-तीन दिवस राहणार होते, अन् मी ट्रॅक्टर बोलावला. तुम्ही घरी असताना बोलवायची हिंमत नव्हती, हे इथंच लिहून टाकते. ट्रॅक्टरवाला गावचाच. वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं अन् विचारलं, "बाई, वरचा पट्टा सोडू का? मालक सोडते." मी म्हटलं, सगळं घे. दुपारपर्यंत सगळं बरड उलटं झालं. तुम्ही आले ते हातात नारळाचा प्रसाद घेऊन आले. शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहिले. मी जवळ गेली, म्हटलं आता होऊन जाऊ द्या काय भांडण व्हायचं ते. तुम्ही प्रसाद माझ्या हातावर ठेवला. मग खाली बसले अन् एक ढेकूळ उचललं, गवताचा ठोंब वर मुळं करून पडला होता तो सरळ केला, दाबून बसवला. मग दुसरा. मग तिसरा. दिवेलागणीपर्यंत तुम्ही तेच करत राहिले अन् मी प्रसाद हातात घेऊन उभी. सात एकरात तुम्ही किती सरळ केले असतील? एका खाटेएवढी जागा. भर उन्हाळ्यात तेही वाळून गेले.

त्या दिवसापासून तुम्ही घरात बरडाचं नाव काढलं नाही. तिथं लावलेलं माझं नेपियर गवत पहिल्या वर्षी कमरेएवढं झालं अन् मी गावभर मिरवली. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावाचून जळालं. वरची माती मोकळी झाली होती, ती पावसात नाल्यात गेली, अन् उरलं तिथं गाजरगवत माजलं. त्याला बकरीही तोंड लावत नाही. तुम्ही "पाहा, मी म्हणत होतो" असं एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं, बाबा. मी वाट पाहत होती. म्हटलं असतं तर मी भांडली असती, रडली असती, पाया पडली असती. पण तुम्ही जेवायचे अन् हात धुऊन ओट्यावर बसायचे.

मग लकवा. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. अर्धे शब्द आम्ही अंदाजानं भरायचो. पावसाळा पुरता खाटेवर काढला तुम्ही. दसरा झाला अन् डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, बुधवारी येतो दोघं. बुधवारी सकाळी पुन्हा फोन, लेकराला ताप आहे, हे पुढं येतात, मी दोन दिवसांनी येते. मी म्हटलं, ताप काय सगळ्यांच्याच लेकरांना येते, अन् फोन ठेवला. दुपारच्या गाडीनं भाऊजी उतरले, ऑटोनं आले, नेहमीसारखे ओट्यावर पाय धुवायला बसले. मी तुमच्याजवळ होती, वाटीत पेज घेऊन. तुम्ही डोळे उघडले.

"पावना आला?"

चार-पाच दिवसांत पहिल्यांदा तुम्ही एवढं सलग बोलले. मी म्हटलं, "आला बाबा, आला." तुमचा चांगला अर्धा चेहरा असा उजळला की मला आश्चर्य वाटलं, या माणसाच्या येण्याचा बाबाला एवढा आनंद?

"किती?"

मला वाटलं, किती जण आले ते विचारता. ताईचा राग डोक्यात होताच, म्हणून भाऊजींसाठी मीही तुमचाच शब्द वापरला, "एकटाच आला."

"एकटाच?"

"हाव. एकटाच."

तुम्ही माझ्याकडं पाहत राहिले. ओठ हलले, मग आवाज आला. "मंग गेलं, बाई." अन् तोंड भिंतीकडं केलं. डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं, मी पदरानं पुसत होती अन् ते पुन्हा उतरत होतं. भाऊजी आत आले, खाटेजवळ उभे राहिले. तुम्ही त्यांच्याकडं असं पाहिलं की हे कोण, हे कशाला आले. मला वाटलं, लेकीला आणलं नाही म्हणून राग आहे. पेज तुम्ही घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेले, अन् ताई दुपारी पोचली.

तेरवीच्या दिवशी मी काय केलं ते आता ऐका. पंगत उठली होती, नातलग मांडवात बसले होते, ताई एका कोपऱ्यात रडत होती. कोणीतरी म्हणालं, शेवटी काही बोलले का? मी सगळ्यांसमोर सांगितलं, "बोलले ना. ताई आली का म्हणून वाट पाहत होते. पावना एकटाच आला म्हटलं तर ढसढसा रडले, मंग गेलं म्हणाले, अन् अन्न सोडलं." ताईचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. ती त्यानंतर या घराची पायरी चढली नाही. भांडली असती तर बरं, भांडत नाही. दिवाळीला फोन करते, "गाई बऱ्या आहेत ना?" विचारते अन् ठेवते. तुमच्या तिथीला दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही, असं भाऊजींनी एकदा सांगितलं. कोणी बाबांचा विषय काढला तर म्हणते, मीच त्यांना रडवून धाडलं. चौदा वर्षं, बाबा.

आता बरडाचं. जर्शी एकेक करून गेल्या, उन्हाळे त्यांना सोसले नाहीत. दोन गवळाऊ कालवडी मी हिंडून हिंडून शोधून आणल्या अन् त्यांना चारायला नेलं तर चारायचं काय, गाजरगवत? त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. चार वर्षं झाली या गोष्टीला. दोन पावसाळे नुसतं गाजरगवत उपटण्यात गेले, फुलावर यायच्या आधी, मुळासकट. हाताला खाज, अंगावर पित्त. शाळेतल्या बाया म्हणायच्या, या वयात हे काय लावलं मॅडम? उताराला आडवे दगडांचे बांध घातले, तेव्हा कुठं माती थांबायला लागली. मुरमाड जमिनीत येणाऱ्या जुन्या गवताचं बी दूरच्या एका केंद्रातून मागवलं. पोत्यावर हिंदीत लिहिलेलं, सेन घास. उघडलं तर बी कसलं, नुसती कुसं अन् भुसकट, मुठीत धरलं तरी वाऱ्यानं उडून जाते. त्याला माती अन् शेणात कालवून बोराएवढ्या गोळ्या वळायच्या अन् सावलीत सुकवायच्या. मी मायचीच टोपली काढली. चुलीच्या जागी आता गॅस आहे, पण टोपली तिथंच ठेवली, अन् मला माय ओरडल्याचा भास झाला.

पहिल्या वर्षी गोळ्या मी खालच्या अंगाला टाकल्या. चढायचा कंटाळा, दुसरं काय. एका पावसात सगळ्या नाल्यात. त्या नाल्याजवळ चिखलात बसली होती तेव्हा तुमचा आवाज आला, वरून बी उतरते. बापा, मी डोक्यावर हात मारून घेतला. दुसऱ्या वर्षी सगळं बी वरच्या पट्ट्यात टाकलं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, गाई बांधून ठेवल्या, कडबा अन् कुटार विकत घेऊन घातलं, पण वर एकही खूर चढू दिला नाही. त्या वर्षी तुरळक ठोंब दिसले. यंदा दसऱ्यानंतर गेली तर वरचा पट्टा सगळा भरलेला, अन् तिथून खाली ओघळ ओघळ उतरलेला. कणसं आली होती. वारा आला की सगळं एका बाजूला झुकायचं. मी तिथं एकटीच हसली.

आपल्या गाई राखणारा म्हातारा गायकी तुमच्या मागून तिगावला लेकीकडे राहायला गेला होता. ऐंशी पार झाला असेल, एका डोळ्यानं दिसते. गवत आलं असं ऐकून तो गेल्या आठवड्यात आला, काठी टेकत टेकत वर चढला. मी मागं होती, दगडावर बसून पायातला काटा काढत होती. वरून त्याची आरोळी आली.

"पवना आला! बाई, पवना आला वं!"

अन् मी काय केलं, बाबा? मी उठून खाली रस्त्याकडं पाहिलं. ऑटो आली का म्हणून. म्हटलं, "कोण आला? कोणता पावना?"

म्हातारा हसायला लागला. "अवं मास्तरीन, पावना नाई, पवना! हे गवत. तुया बापाचा पवना." त्यानं कणीस तोडलं, अंगठ्यानं चोळलं, फुंकलं, अन् तळहात माझ्यापुढं केला. "सेन कोन म्हन्ते याले? हा पवनाच होये." तो आपल्याच नादात बोलत राहिला. "किती वाट पाह्यली मालकानं याची. खाटेवर पडले तं दर ऐतवारी मले वर धाडे, जाय, पाहून ये, पवना आला का. दाबून बसवले होते म्हने त्याईनं काही ठोंब. मी येऊन सांगो, नाई आला मालक. तं म्हने, बाईले नको सांगजो, तिले वाईट वाटन. शेवटी शेवटी मीच तापानं पडलो. दोन ऐतवार जानं नाई झालं."

मी तिथंच खाली बसली. म्हातारा विचारत होता, काय झालं, चक्कर आली का, पाणी आणू का. मला फक्त एवढं दिसत होतं की गायकी दोन आठवडे आला नाही, म्हणून तुम्ही शेवटी मला विचारलं. मला विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं. अन् मी सांगितलं आला, तेव्हा तुमचा चेहरा उजळला. किती आला विचारलं, तर मी म्हटलं, एकटाच. सात एकरात एक ठोंब. त्याच्यावर तुम्ही रडले, त्याच्यावर अन्न सोडलं. अन् बाबा, खरं तर एकही आला नव्हता. तुमच्या आशेला मारलं तेही मी खोट्या बातमीनं मारलं. एका कान्याचा फरक. पंचवीस वर्षं झाली, पोरांचा काना चुकला की मी अर्धा गुण कापते, अन् पालक भांडायला आले तर म्हणते, एका कान्यानं अर्थ बदलते हो. मोठी मास्तरीण! त्या दिवशी घरी येऊन मी टोपलीजवळ बसून इतकी रडली की गाई हंबरायला लागल्या, दुधाची वेळ टळली होती.

मग ताई आठवली. पहिल्यांदा वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन करून सांगावं, ताई, तुझ्यासाठी नव्हते रडले बाबा, तुझा काही दोष नाही. फोन हातात घेतला अन् हात थांबला. कारण हेही सांगावं लागेल की बाबांनी शेवटी तुझं नाव काढलंच नव्हतं. चौदा वर्षं ती उपास करून राहिली आहे, त्या उपासात एवढं तरी आहे की बाबा माझ्यासाठी रडले. तेही काढून घेऊ? अन् दिलं काय तर गवत. दोन दिवस मी फोनकडं पाहत हिंडली. तिसऱ्या दिवशी लावला.

"ताई, बरडावर गवत आलं. पाहायला ये."

तिच्या मागं कुकरची शिटी ऐकू येत होती. मग म्हणाली, "मी कोणत्या तोंडानं येऊ वं?"

"आहे त्या तोंडानं ये."

"बुधवारी येते. ह्यांचे गुडघे दुखून राहिले, हे नाई येत." अन् मग म्हणाली, "मी एकटीच येते."

एकटीच. तिकडून ती हॅलो हॅलो करत होती.

उद्या बुधवार आहे. मी स्टेशनवर जाणार आहे, ऑटोनं येऊ देणार नाही. तिला वर नेईन, चढताना हात धरीन, तिचेही गुडघे काही चांगले नसतील. वरच्या पट्ट्यात उभी करीन, कणीस हातात देईन अन् सांगीन. पवना, पावना, गायकी, तेरवीला मी बोलली ते, सगळं. तिनं तोंडात मारली तर मारू दे. हे पत्र टोपलीत बियाण्याखाली ठेवणार आहे, पाठवायचं कुठं.

एक गोष्ट मात्र तिला सांगणं होईल की नाही, माहीत नाही. त्या बुधवारी तोंड भिंतीकडं केल्यावर तुमचा चांगला हात चादरीवर होता. अंगठा बोटावर चोळत होता, हळूहळू. मग तुम्ही तळहात तोंडाशी नेला अन् फुंकर मारायला पाहिली, ती निघाली नाही. पुन्हा हात चादरीवर, पुन्हा चोळणं. मी ते पाहिलं, बाबा. मी ओळखलं. तेव्हाच विचारलं असतं, तर बरडाचं नाव निघालं असतं, अन् ते मला नको होतं. मग मी सगळं ताईवर ढकललं, अन् सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. त्या दिवशी मी तुमचा हात बाजूला केला, "काही नाही तिथं" म्हटलं, अन् चादर झटकून टाकली.